रात्री आठ ते बारा

(राजवाडा, इंदूर, २२ मार्च २०२०, संध्याकाळ)

ताटं, शंख, तिरंगे. हा आपलाच राजवाडा. पाच वाजता दारात, गॅलरीत उभं राहून डॉक्टर-नर्सचे आभार माना, असं पंतप्रधान नरेंद्र मोदींनी सांगितलं होतं. इंदूर थेट रस्त्यावर आलं. एका माणसाच्या शब्दावर अख्खं शहर असं हलतं. कोरोनाच्या संकटातलं त्यांचं काम मला जोखायचंय ते ह्याच ताकदीवरून.

(टीव्हीचा पडदा)

२४ मार्च, रात्री आठ. बारापासून देश बंद, २१ दिवस. रुग्ण तेव्हा ५००च्या आसपास. इतक्या लवकर एवढा निर्णय घ्यायला धैर्य लागतं आणि ते त्यांच्याकडे होतं. पण लोकांच्या हातात उरले ४ तास. प्रवासी रेल्वे आधीच थांबलेली. भाषणात आरोग्यव्यवस्थेसाठी १५,००० कोटी होते. परगावच्या मजुराने घरी कसं जायचं, ते नव्हतं.

२९ मार्चला ‘मन की बात’मध्ये त्यांनी ह्या त्रासाबद्दल क्षमा मागितली. त्याच दिवशी केंद्राचा राज्यांना आदेश गेला: सीमा बंद करा, मजुरांना आहेत तिथेच थांबवा. घरी जायची परवानगी निघाली २९ एप्रिलला. मजुरांसाठीच्या श्रमिक रेल्वेगाड्या १ मेपासून. म्हणजे महिना गेला. पाच वाजता ताट घेऊन बाहेर येणाऱ्या देशाने ‘चार दिवस द्या, आधी ह्यांना घरी पोचवू’ हेही ऐकलं असतं. ते मागितलंच गेलं नाही.

(बायपास, मे महिना)

मुंबई-आग्रा रस्ता. नाशिक, धुळे, सेंधव्याचा घाट, मग आपला बायपास. सायकली. डोक्यावर बोचकी. एमएच पाटीच्या रिक्षा, आत पूर्ण कुटुंब. निघालेत उत्तर प्रदेशाकडे, पण नाशकात वर्षं काढलेली, रामबाग ह्या आपल्या मराठी वस्तीतून पोळ्या घेऊन आलेल्या बायकांना मराठीतच म्हणतात, “ताई, थोडं पाणी.”

पायांकडे बघा.

(क्षणभर निवेदन नाही)

१ कोटीहून जास्त मजूर गावी परतले. वाटेत किती दगावले ह्याची नोंद नाही, असं सरकारने सप्टेंबरात लोकसभेत सांगितलं.

(चपलांचा ढीग)

इंदूरकरांनी इथे जेवणासोबत चपलाही वाटल्या. आठ आणि नऊ नंबर दुपारीच संपले. मग मिळेल तो जोड पायात घालून लोक पुढे देवासकडे निघाले.