ब्रुकलिनचा एकेचाळीस वर्षांचा वायदा

मंडळी, आज आपण ज्या माणसाबद्दल बोलणार आहोत, त्याचं नाव आपल्यापैकी फारच थोड्यांनी ऐकलं असेल: अमेरिकन संसदेतला खासदार इमॅन्युएल सेलर. खरं तर साठच्या दशकानंतर अमेरिकेत आलेल्या प्रत्येक मराठी घरात ते माहीत असायला हवं होतं.

जन्म १८८८ चा, ब्रुकलिनचा. आजी-आजोबा जर्मनीतून आलेले, घर ज्यू. कॉलेजच्या पहिल्या वर्षी वडील गेले, पाठोपाठ काही महिन्यांत आई. वडील दारोदार वाइन विकायचे. पोरानं तोच धंदा उचलला. सकाळी कोलंबिया विद्यापीठात तास, दुपारी वाइनची विक्री, असं करत तो वकील झाला आणि मार्च १९२३ मध्ये प्रतिनिधीगृहात, म्हणजे अमेरिकन संसदेच्या कनिष्ठ सभागृहात जाऊन बसला.

हे साल लक्षात ठेवा. त्याच्या आदल्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात निकाल दिला होता की, हिंदी माणूस ‘गोरा’ नाही, म्हणून त्याला नागरिकत्व मिळू शकत नाही. पुढच्या वर्षी बाहेरून येणाऱ्यांसाठी नवा कायदा आला. १८९० च्या जनगणनेत अमेरिकेत ज्या देशाचे जितके लोक, त्याच्या दोन टक्के एवढाच त्या देशाचा वार्षिक कोटा. १८९० च का? कारण इटालियन आणि पूर्व युरोपातले ज्यू मोठ्या संख्येनं आले ते त्यानंतर. आशियाला तर दार जवळजवळ बंदच. सभागृहात नवखा असलेला सेलर याविरुद्ध उभा राहिला आणि हरला.

पण त्यानं तो विषय सोडला नाही. १९४६ मध्ये क्लेअर बूथ लूस या रिपब्लिकन बाईंबरोबर त्यानं एक कायदा करून घेतला. भारतीयांना वर्षाला १०० जागा. शंभर! आज हसू येईल, पण त्याच कायद्यानं नागरिकत्वाचाही हक्क दिला. कॅलिफोर्नियात नागरिक होता येत नाही म्हणून दुसऱ्याच्या नावावर जमीन ठेवून कसणाऱ्या पंजाबी शेतकऱ्याला विचारा, त्याची किंमत काय होती.

१९४९ पासून तो प्रतिनिधीगृहाच्या न्यायविषयक समितीचा अध्यक्ष. मधली दोन वर्षं सोडली तर १९७३ पर्यंत. १९६४ चा नागरी हक्क कायदा याच समितीतून पुढे गेला. आणि ३ ऑक्टोबर १९६५ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पायथ्याशी हार्ट-सेलर कायद्यावर सही केली. राष्ट्रनिहाय कोटा गेला. एकेचाळीस वर्षं लागली. आशियातून फार लोक येणार नाहीत, असं सेलर सभागृहात सांगत होता. डॉक्टर-इंजिनिअरांची जी रांग लागली, ती त्याच्या हिशेबात नव्हती. मला तो अंदाज चुकल्याचा मनापासून आनंद आहे.

त्याची एक गोष्ट मात्र मला सलते. स्त्रियांना समान हक्क देणारी घटनादुरुस्ती त्यानं त्याच खुर्चीत बसून वीसेक वर्षं अडवून धरली. समितीत सुनावणीच लावायची नाही, बस्स. वंशावरून दार बंद करणं ज्याला इतकं झोंबलं, त्याला हे का दिसलं नाही? अखेर १९७० मध्ये खासदार मार्था ग्रिफिथ्स यांनी सभागृहातल्या बहुमताएवढ्या २१८ सह्या गोळा केल्या आणि विधेयक समितीतून थेट सभागृहात ओढून आणलं.

१९७२ च्या पक्षांतर्गत निवडणुकीत चौऱ्याऐंशी वर्षांच्या सेलरला एलिझाबेथ होल्ट्झमन या तीस वर्षांच्या वकील मुलीनं हजाराहून कमी मतांनी हरवलं. तिलाही न्यायविषयक समितीच मिळाली आणि १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यावरील महाभियोगाच्या मतदानाला ती तिथे बसली होती.