सूड, तोही स्वस्तात

(काळा पडदा. लोखंडावर करवत चालल्याचा आवाज. हळूहळू उजेड : टेबलाला घट्ट आवळलेली बंदुकीची नळी.)

एक माणूस गॅरेजमध्ये बंदुकीची नळी आखूड करतोय. घाई नाही. लोखंडाचा कीस टेबलावर साचतोय. संवाद नाही, संगीतही जवळपास नाही. आणि तरी या वेळी थिएटरातून कुणी पाणी प्यायला उठत नाही.

कमी पैशात काढलेल्या सूडपटांत हा प्रसंग कुठल्या ना कुठल्या रूपात येतोच. कुणी चाकूला धार लावतो, कुणी जुन्या गाडीला लोखंडी पट्ट्या वेल्ड करतो, कुणी भिंतीवर फोटो चिकटवून त्यांवर फुल्या मारत जातो. मारामारी नंतर होते आणि ती बहुतेकदा यथातथाच असते. प्रेक्षक खरा अडकतो तो तयारीत.

गोष्ट तर सगळ्यांना पाठ असते. घर उद्ध्वस्त होतं. पोलीस हात वर करतात, नाहीतर आरोपी कोर्टातून सुटतो. मग एकटा माणूस उठतो आणि एकेकाला गाठतो. दीड तासात हिशेब चुकता. समीक्षक पन्नास वर्षं नाकं मुरडतायत, आणि चित्रपट निघतच आहेत.

(पडद्यावर अक्षरं : न्यूयॉर्क, १९७२)

ब्रायन गारफिल्ड हा अमेरिकी कादंबरीकार. एकदा त्याच्या बायकोची पर्स चोरीला गेली, एकदा त्याच्या गाडीची कुणीतरी नासधूस केली. दोन्ही वेळा मनात पहिला विचार आला तो हाच, की सापडला तर जीव घेईन. राग ओसरला. पण लेखकाचंच डोकं ते! एखाद्याचा राग ओसरलाच नाही तर, हा प्रश्न त्याला सोडेना. त्यातून १९७२मध्ये ‘डेथ विश’ ही कादंबरी आली आणि १९७४मध्ये तिच्यावर बेतलेला, नट चार्ल्स ब्रॉन्सन नायक असलेला चित्रपट.

या चित्रपटाबद्दल एक गोष्ट लोक हटकून विसरतात. त्यात सूड घेतलाच जात नाही. पॉल कर्सी हा आर्किटेक्ट. तीन गुंड त्याच्या घरात घुसतात, बायको जीवानिशी जाते, मुलगी मनाने कोलमडते. ते तिघं त्याला शेवटपर्यंत सापडत नाहीत. तो मारतो ते दुसऱ्यांनाच, रस्त्यावरच्या लुटारूंना. सुरुवात बंदुकीनेही होत नाही : मोज्यात नाण्यांच्या गुंडाळ्या भरून तो एकाच्या तोंडावर हाणतो आणि घाबरून घरी पळतो. पुढे पहिल्यांदा गोळी घालून माणूस मारतो, तेव्हा घरी येऊन ओकतो.

मोजा आणि नाणी. ही हत्यारं बघणाऱ्या प्रत्येकाच्या घरात असतात. प्रशिक्षित कमांडोपेक्षा हा भेदरलेला मध्यमवयीन माणूस जास्त जवळचा का वाटतो, याचं अर्धं उत्तर त्या मोज्यात आहे.

गारफिल्डला चित्रपट आवडला नाही. कादंबरी या वाटेवरचा धोका दाखवत होती आणि चित्रपट त्याच वाटेवर फुलं पसरत होता, असं त्याचं दुखणं. पण टाळ्या खऱ्या होत्या. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत गुन्हे वाढत चालले होते. १९७५मध्ये तर न्यूयॉर्क दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर पोचलं आणि पोलिसांच्याही नोकऱ्या गेल्या. तिकडे इटलीतही बॉम्ब, अपहरणं, दरोडे यांनी लोक गांजले होते. १९७४मध्येच दिग्दर्शक एन्झो कास्तेलारीने जिनोआतल्या एका इंजिनिअरची गोष्ट पडद्यावर आणली : पोस्टात दरोडा पडतो, हा मार खातो, पोलीस काही करत नाहीत, मग हाच उठतो. म्हणजे नक्कल करायची गरज नव्हती. चीड दोन्हीकडे तयार होती.

(वाळवंटी रस्ता. दूरवर धूळ.)

आता पैशाचं बघू. ऑस्ट्रेलियातला जॉर्ज मिलर पेशाने डॉक्टर. इस्पितळाच्या तातडीच्या विभागात त्याने अपघातांतली माणसं पाहिली होती. १९७९चा ‘मॅड मॅक्स’ त्याने साडेतीन-चार लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांत उभा केला. सुरुवातीच्या पाठलागात चेंदामेंदा होणारी निळी व्हॅन त्याची स्वतःची. मॅक्स झालेल्या मेल गिब्सनला तेव्हा कुणी ओळखत नव्हतं. चित्रपटाने जगभरात १० कोटी डॉलरच्या वर धंदा केला. खर्चाच्या मानाने सर्वाधिक नफ्याचा विक्रम पुढे वीसेक वर्षं त्याच्या नावावर राहिला.

त्यातला शेवटचा सूड आठवून बघा. मॅक्स एका माणसाचा घोटा बेडीने उलटलेल्या गाडीला अडकवतो. पेट्रोल गळतंय, ते पेटवायला ठिणगी तयार आहे. मॅक्स त्याच्या हातात करवत देतो आणि सांगतो, बेडी कापायला दहा मिनिटं लागतील. पाय कापायला पाच. एवढं बोलून निघून जातो. स्फोट होतो तो त्याच्या पाठीमागे, लांबवर. रक्त दाखवायचा खर्च नाही, मेकअप नाही. उरलेलं सगळं प्रेक्षक आपल्या खर्चाने मनात रंगवतो.

माझ्या मते या चित्रपटांचं खरं भांडवल म्हणजे त्यांची गरिबी. मोठा स्टार मध्यंतरात मरणार नाही, हे तिकीट काढतानाच कळलेलं असतं. अनोळखी चेहऱ्याची तशी हमी नसते. सेट परवडत नाही म्हणून कॅमेरा खऱ्या गल्लीत जातो, खऱ्या बारच्या लाल दिव्यात उभा राहतो. स्टंटमनला पैसे नाहीत म्हणून नायक धडपडतो, धापा टाकतो, त्याचा नेम चुकतो. खोटं वागायलाही पैसा लागतो, आणि तो इथे नसतो.

पैसा आल्यावर काय होतं तेही दिसलं. मेनाहेम गोलान आणि योराम ग्लोबस या चुलतभावांनी १९७९मध्ये कॅनन ही कंपनी घेतली. फ्रान्समधल्या कॅन महोत्सवात भरणाऱ्या चित्रपटांच्या बाजारात पोस्टर दाखवून आधी हक्क विकायचे आणि त्या जोरावर मग चित्रपट काढायचा, ही त्यांची ख्यातनाम रीत. व्हिडिओ कॅसेटची लाट आली आणि दुकानातल्या फळीवर डब्यावरचं चित्रच माल खपवू लागलं. १९८५मध्ये त्यांनी ‘डेथ विश ३’ आणला. गोष्ट न्यूयॉर्कची, चित्रीकरण बरंचसं लंडनमध्ये. साठी ओलांडलेला ब्रॉन्सन टपालाने भलंमोठं पिस्तूल मागवतो, मग मशीनगन चालवतो आणि शेवटी गुंडांच्या म्होरक्यावर घरातल्या घरात रणगाडाफोड रॉकेट सोडतो. बघायला धमाल आहे, नाकारत नाही. पण मोज्यातल्या नाण्यांनी जो घाम फुटला होता, तो रॉकेटने फुटत नाही.

या दुकानात कुजका मालही पुष्कळ आहे. बलात्कार आणि त्याचा सूड या सूत्रावर ढीगभर चित्रपट निघाले. त्यांतल्या कित्येकांत कॅमेरा अत्याचारावर इतका रेंगाळतो, की सूड ही निव्वळ पळवाट वाटावी. खलनायक निवडतानाही सोपा रस्ता धरला जातो : गरीब वस्तीतली, वेगळ्या वर्णाची पोरं. एबल फेराराचा १९८१चा ‘मिस .४५’ मला वेगळा वाटतो. कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करणारी मुकी मुलगी हल्लेखोरालाच मारून त्याचं पिस्तूल घेते. पुढे तिच्या गोळीला दोषी आणि वाटेत आलेला यांतला फरक कळेनासा होतो, आणि आपण नेमके कधीपासून तिच्या बाजूने नाही, हे बघणाऱ्यालाही सांगता येत नाही.

(प्रयोगशाळा. मेंदूच्या चित्रातला एक भाग उजळतो.)

सुडाची ही ओढ प्रयोगशाळेतही तपासली गेली आहे. २००४मध्ये झुरिकच्या संशोधकांनी पैशाच्या एका खेळात फसवलेल्यांना फसवणाऱ्याला दंड करायची संधी दिली. दंड ठोठवायच्या वेळी मेंदूतला बक्षिसाशी जोडलेला भाग जागा झालेला दिसला. स्वतःच्या खिशाला चाट बसत असतानाही लोक दंड करतच होते. २००८मध्ये केव्हिन कार्लस्मिथ आणि सहकाऱ्यांनी पुढचा प्रश्न विचारला : नंतर काय? दंड करून बरं वाटेल, असा लोकांचा होरा होता. प्रत्यक्षात दंड केलेल्यांना जास्त वाईट वाटलं, आणि फसवणारा त्यांच्या डोक्यातून जाईना.

आता पुन्हा त्या दीड तासाकडे बघा. चित्रपट आपल्याला गोड भाग देतो, तो म्हणजे वाट पाहणं, तयारी, पहिला घाव. कडू भाग सुरू व्हायच्या आत नावं वर सरकू लागतात.

खऱ्या आयुष्यात नावं वर सरकत नाहीत. डिसेंबर १९८४मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत एका प्रवाशाने चार तरुणांवर गोळ्या झाडल्या. त्यांनी पैसे मागितले होते; हे आपल्याला लुटणार, असं त्याचं म्हणणं. अनेकांनी त्याला डोक्यावर घेतलं, वर्तमानपत्रांना त्यात ब्रॉन्सन दिसला. १९८७मध्ये ज्युरीने त्याला खुनाच्या प्रयत्नातून सोडलं, बेकायदा पिस्तूल बाळगल्याबद्दल दोषी धरलं. चौघांपैकी एक जण कायमचा अपंग झाला होता. १९९६मध्ये दिवाणी ज्युरीने त्या अपंग तरुणाला ४ कोटी ३० लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. एका डब्यातल्या काही सेकंदांचा हिशेब बारा वर्षं चालला.

कडू भाग पडद्यावर आणूनही गर्दी खेचता येते का? जेरेमी सॉलनिएच्या २०१३च्या ‘ब्लू रुइन’ने ते करून दाखवलं. थोडा पैसा इंटरनेटवरच्या लोकवर्गणीतून, मुख्य भूमिकेत बालमित्र मेकन ब्लेअर, कॅमेरा दिग्दर्शकाच्याच हातात. नायक मोडक्या गाडीत राहतो. पिस्तूल चोरतो, पण त्याच्या घोड्याला कुलूप. ते तोडायला जातो आणि पिस्तूलच मोडतं. शत्रू पळून जाऊ नयेत म्हणून त्यांच्या गाडीचा टायर भोसकतो, त्यात स्वतःचाच हात कापून घेतो. पुढे आपल्या गाडीची किल्ली हरवल्यामुळे त्याला पळावं लागतं ते त्याच पंक्चर गाडीतून. आणि हा सूड उरकतो सुरुवातीलाच. उरलेला सगळा चित्रपट त्याची किंमत मोजण्यात जातो.

ज्यांनी या वाटेचा एकही चित्रपट पाहिला नसेल, त्यांनी इथूनच सुरुवात करावी. मग मागे जाऊन १९७४चा ब्रॉन्सन बघावा. तिसरा भाग मात्र एकट्याने बघण्यात मजा नाही. त्याला चार टवाळ मित्र हवेत.