उभी चूक, आडवी चूक

नमस्कार, श्रोतेहो.

कॉम्प्युटर सायन्समधलं सध्याचं संशोधन, शिक्षण आणि समाज, असा भारदस्त विषय मला दिलाय आणि वेळ दिलाय बारा मिनिटं. बारा मिनिटांत भाकरीसुद्धा कडक होत नाही. म्हणून सगळं सांगायचा हट्ट मी सोडलाय. एकच गोष्ट सांगतो आणि तिला धरून जमेल तेवढं बाकीचं. गोष्ट मागावरची आहे. अशोक चौकाच्या पलीकडची, आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातली.

मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. काही वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात वर्गातल्या बारा-पंधरा मुलांना घेऊन मी एका ओळखीच्या चादरीच्या कारखान्यात गेलो. एप्रिलमधलं सोलापूर आणि वर पत्र्याचं छत, जास्त सांगत नाही. मुलांना जकार्ड दाखवायचं होतं. सोलापुरात जकार्ड काय ते सांगायला लागू नये, पण बार्शी-मंगळवेढ्याकडचे श्रोते असतील, त्यांच्यासाठी दोन वाक्यं. मागाच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ फिरत असते. पत्त्याला जिथं भोक, तिथला ताण्याचा, म्हणजे उभा, दोरा वर उचलला जातो. जिथं भोक नाही, तिथला खाली राहतो. मधून धोटा बाणा, म्हणजे आडवा दोरा, टाकून जातो. एका बाण्याला एक पत्ता. भोक आहे किंवा नाही, मधलं काही नाही. कॉम्प्युटरचं शून्य-एक म्हणतात ते हेच.

ही युक्ती फ्रान्समधल्या लिओंच्या जोसेफ मारी जकार्डनं १८०४ च्या सुमारास चालती केली. पुढं इंग्लंडात चार्ल्स बॅबेजनं आपल्या कागदावरच राहिलेल्या गणकयंत्रासाठी हेच पत्ते उचलले. आणि १८४३ साली एडा लव्हलेस या बाईंनी लिहून ठेवलं की जकार्डचा माग जशी फुलं-पानं विणतो, तसं हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणेल. हे मी दरवर्षी वर्गात सांगतो, आणि दरवर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतं, "सर, मग पहिला कॉम्प्युटर सोलापूरचा का?" नाही बाबा. पण ज्या घरात आजोबा पत्ते ओवत होते त्या घरातलं पोरगं पुण्याला जाऊन कोड लिहायलंय, यात मला तरी धंदा बदललेला दिसत नाही.

तर, आम्ही आत शिरलो आणि नेमका तोच माग बंद. मालक वैतागलेला. चादरीवर मोरांची रांग होती आणि रांगेतल्या प्रत्येक मोराची मान एकाच ठिकाणी तुटलेली. एक बाणा एवढीच खाच, पण एकदा दिसली की नजर तिथंच जाते. मुलं खूश. म्हणाली, सर, बग! प्रोग्रॅममधल्या चुकीला आम्ही बग म्हणतो.

तिथं एक मामा होते. सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणतो, मीही म्हणतो. सत्तरीच्या आसपासचे, घरची भाषा तेलुगू, बोलणं अस्सल सोलापुरी. शाळा चौथीपर्यंत. त्यांनी मागाकडं बघितलंसुद्धा नाही. चादर ओढून खाली सतरंजीवर पसरली आणि मुलांना विचारलं, "चूक उभी हाय का आडवी?"

कुणाला काही कळेना. मामा म्हणाले, "उभी चूक जकार्डाची, आडवी चूक पत्त्याची."

परत सांगतो, कारण आजचं सगळं भाषण याच वाक्यावर उभं आहे. उभी चूक जकार्डाची, आडवी चूक पत्त्याची. एखादा हूक वाकला, दोरी तुटली, तर तो एक दोरा चादरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चुकत जातो. ती उभी चूक, यंत्राची. पण चूक एकाच बाण्यावर आडवी पसरली असेल, तर यंत्र धड आहे. त्या बाण्याचा पत्ता बिघडलाय. हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर यांतला फरक शिकवायला मला दोन तास लागतात. मामांनी सहा शब्दांत संपवला.

मग प्रश्न आला, सातशेच्या वर पत्त्यांतला नेमका कोणता? एक मुलगा म्हणाला, एकेक काढून तपासू. दुसरीला वाटलं, आता सरांना खूश करावं; ती म्हणाली, बायनरी सर्च करू, निम्मे-निम्मे करत जाऊ. मामांनी ऐकून घेतलं आणि टोपीत खोचलेली सुई काढली. मोराच्या पायापासून सुईच्या टोकानं एकेक बाणा मोजायला लागले. ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु. माग बंद होता तरी शेजारच्या मागांची खटखट चालूच होती, आणि त्यात हे हळू आवाजातलं तेलुगू मोजणं. मानेपाशी आल्यावर थांबले. पण लगेच पत्त्याकडं गेले नाहीत. खाचेच्या बाजूला, मोराच्या शेपटीमागं जी मोकळी जागा होती, तिथं बोट ठेवलं. तिथं चार-पाच दोऱ्यांचा एक ठिपका होता. आमच्यापैकी कुणालाच तोवर दिसला नव्हता.

"मान हरवली न्हाई," मामा म्हणाले. "मान हिकडं आली. पत्ता फाटला न्हाई, उलटा ओवलाय."

बघा हं. पत्ता फाटला असता तर मानेच्या जागी काहीतरी भलतंच आलं असतं. पण डावीकडचं बरोब्बर उजवीकडं गेलंय, म्हणजे पत्ता पालथा झालाय. माळ मागच्या आठवड्यात दुरुस्तीला खाली काढली होती, तेव्हा कुणीतरी तो पालथा ओवला. मामांनी माळ हातानं फिरवत आणली, मोजलेल्या ठिकाणी थांबले, आणि खरोखरच त्या पत्त्याचा आकडा लिहिलेला भाग आत गेलेला. दोरा उसवला, पत्ता फिरवला, त्याच सुईनं टाके घातले. सगळं मिळून वीस मिनिटं.

एक मुलगा, हुशार पण जरा आगाऊ, म्हणाला, "मामा, कोरी बाजू असलेला पत्ता नुसता शोधला असता तरी सापडला असता की." मामा म्हणाले, "निम्म्या पत्त्याचे आकडे तेलानं पुसून गेलेत, बे. कापड वाच आधी. पत्ता नंतर."

जाता जाता एक सांगतोच, विषयाशी संबंध नाही. सोलापुरी चादर म्हणून बाहेरगावची चादर विकतात आणि आपलीच माणसं पन्नास रुपये वाचवायला ती घेतात. चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचं, मानांकन मिळालंय ते काय भिंतीवर लावायला? असो.

आता संशोधनाकडं. मामांच्या मागात आणि आजच्या एआयमध्ये, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेत, फरक कुठं पडतो? मामांच्या पत्त्यातलं भोक माणसानं पाडलेलं असतं. ग्राफ पेपरवर मोर काढला, चौकोन रंगवले, चौकोनाला भोक. म्हणून चूक झाली तर माघारी जाता येतं, मोरापासून भोकापर्यंत. आजची भाषा-मॉडेलं, म्हणजे चॅटबॉटच्या पोटातली यंत्रणा, तशी नाहीत. २०१७ साली गूगलमधल्या संशोधकांनी ट्रान्सफॉर्मर नावाची रचना मांडली, तिच्यावर आजचं बहुतेक सगळं उभं आहे. २०२० मध्ये आलेल्या जीपीटी-३ या मॉडेलमध्ये आतले आकडे किती होते? १७,५०० कोटी. ही सगळी भोकं धरा. आणि यातलं एकही माणसानं पाडलेलं नाही. यंत्रानं ढीगभर मजकूर वाचत स्वतःचे आकडे स्वतःच थोडेथोडे हलवत नेले. पुढं २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि २०२४ साली या सगळ्याच्या मुळाशी असलेल्या मज्जाजालांच्या, म्हणजे न्यूरल नेटवर्कच्या, पायाभूत कामासाठी जॉन हॉपफिल्ड आणि जेफ्री हिंटन यांना चक्क फिजिक्सचं नोबेल मिळालं. आमच्या फिजिक्स विभागातले सहकारी अजून त्यावर रुसलेले आहेत.

तर मोराची मान तुटली, म्हणजे एआयनं ठणकावून खोटं सांगितलं, तर कोणत्या भोकामुळं? बनवणाऱ्यांनाही पूर्ण सांगता येत नाही. ते सांगता यावं यासाठी जगभर एक नवीन शाखा उभी राहिली आहे. एआयच्या आत डोकावून कोणता आकडा काय करतो ते वाचायचं. माझ्या मते सध्याचं सगळ्यात गोड संशोधन हेच. २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीच्या संशोधकांना आपल्या मॉडेलच्या आत सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाशी निगडित असा एक नमुना सापडला. त्यांनी तो मुद्दाम जोरात ताणला. मग यंत्राला विचारलं, तू दिसतोस कसा, तर म्हणतं, मीच तो गोल्डन गेट पूल! एक दोरा ओढला आणि अख्ख्या चादरीवर मोरच मोर. म्हणजे दोरा सापडायला लागलाय. सगळे दोरे मात्र अजून लांब आहेत.

ही झाली आडवी चूक. उभी चूक जास्त वाईट, कारण एक वीत कापड बघून ती चूक वाटतच नाही. डिझाइनच तसं असेल असं वाटतं. २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोघींनी तेच केलं, कापड लांबवर पसरलं. चेहऱ्यावरून बाई की पुरुष ओळखणाऱ्या तीन कंपन्यांच्या यंत्रांपुढं त्यांनी १,२७० जणांचे फोटो ठेवले. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक शेकडा एकाहून कमी. सावळ्या-काळ्या बायकांच्या बाबतीत शेकडा जवळजवळ ३५ पर्यंत. एक दोरा टोकापासून टोकापर्यंत चुकत गेलेला, आणि कुणाच्या लक्षात नाही, कारण ज्यांनी यंत्र बनवलं त्यांच्या समोर वेगळीच वीत होती.

आपल्याकडं हे चेहऱ्यात नसेल, भाषेत आहे. सोलापूरचा माणूस एका वाक्यात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू चारही ओढतो. केंद्र सरकारची भाषिणी योजना २०२२ पासून भारतीय भाषांसाठी काम करतेय, चांगलं आहे. पण मी फोनला "काय करायलास?" विचारलं की तो पुणेरी शुद्धलेखन तपासत बसतो. दोष फोनचा नाही. आपण बोलतो तसं लिहून, बोलून कुणी साठवलेलंच नाही. पूर्व भागातल्या आजीबाईंचं बोलणं त्यांच्या परवानगीनं रेकॉर्ड करणं हासुद्धा कॉम्प्युटर सायन्सचा प्रकल्प असू शकतो, हे मी विद्यार्थ्यांना पटवतोय. त्यांना मात्र अजून ॲपच बनवायचं असतं.

शिक्षणाचं थोडक्यात. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंग आहे. माझी तक्रार त्याबद्दल नाही. सहा वर्षांच्या पोराला कोडिंगच्या क्लासला घालतात, त्याबद्दल आहे. त्याला आधी हुरडा खायला शेतावर न्या. कॉलेजात वेगळंच झालंय. पूर्वी मुलं प्रोग्रॅम एकमेकांचे उतरवून आणत, तेव्हा निदान चुका तरी ओळखीच्या असत. आता चॅटबॉट लिहून देतो आणि प्रोग्रॅम चालतोही. म्हणून मी परीक्षा उलटी केली. चालणारा प्रोग्रॅम आणा म्हणत नाही. बिघडलेला प्रोग्रॅम मीच देतो, समोर बसवतो आणि विचारतो, उभी का आडवी? पहिल्या वर्षी निम्मा वर्ग नापास झाला, पालक भेटायला आले. दुसऱ्या वर्षी मुलं मला मध्येच थांबवून उलट प्रश्न विचारायला लागली.

आणि समाज? बाहेर जे चाललंय ते सगळ्यांना एका वाक्यात माहीत आहे. "सिस्टीम घेत नाही." माझ्या शेजाऱ्यांचा कर्जाचा अर्ज परत आला. कारण विचारलं तर काउंटरवरच्या मुलीनं स्क्रीन आमच्याकडं वळवून दाखवला, त्यावर लाल अक्षरात नकार. का, ते तिलाही माहीत नव्हतं. ती काय करणार? तिच्या हातात कापडही नाही, पत्ताही नाही. युरोपात २०२४ च्या कायद्यानं कर्जाच्या पात्रतेसारख्या निर्णयांत एआय वापरलं तर माणसाला खुलासा मागायचा हक्क दिलाय. आपल्याकडं २०२३ चा व्यक्तिगत डेटाचा कायदा आहे, पण तो डेटा घेण्या-ठेवण्याबद्दल बोलतो. नकार का, हे विचारायचा सरळ हक्क त्यात नाही. शेजाऱ्यांना मी म्हटलं, अर्ज पुन्हा भरा, आणि या वेळी कारण लेखी मागा. त्यांनी मागितलंय. उत्तर अजून आलेलं नाही.

ती मान तुटलेली चादर त्या दिवशी मी विकत घेतली. मालक पैसे घेईना, मामांनी घ्यायला लावले. ती आमच्या कॉम्प्युटर लॅबच्या भिंतीवर टांगलेली आहे. दर जुलैमध्ये नवीन वर्ग आला की मी काही न बोलता तिच्याकडं बोट दाखवतो. मान सगळ्यांना पहिल्या दिवशी दिसते. शेपटीमागचा ठिपका दिसायला दिवाळी उजाडते. यंदा एका मुलीला तो पहिल्याच तासाला दिसला. मी विचारलं, कसा गं? म्हणाली, "घरी चार माग आहेत, सर."

बारा मिनिटं झाली, स्टुडिओच्या काचेपलीकडून खूण आलीय. नमस्कार.