उभ्या बर्फावरची सबुरी

श्रोतेहो, नमस्कार.

जुलै २०२४ मध्ये सिल्वाँ सोदाँ गेले. वय ८७. ‘अशक्य उतारांचा स्कीपटू’ ही त्यांची युरोपभर ओळख. जिथे एकदा पाय घसरला की संपलंच, अशा उतारांवर ज्यानं उमेदीची वर्षं काढली, तो माणूस एवढं दीर्घ आयुष्य जगला याचं मला फार अप्रूप वाटतं. त्यांच्या धाडसाचं कौतुक पुष्कळ झालंय. मला आज बोलायचंय ते त्यांच्या सबुरीबद्दल.

सोदाँ स्वित्झर्लंडचे. १९६७ मध्ये फ्रान्समधल्या शामोनीजवळची स्पेन्सर नावाची बर्फाची अरुंद नाळ, म्हणजे डोंगरातली उभी घळ, ते स्कीवरून उतरले. उतार जवळजवळ ५५ अंशांचा! एवढ्या उतारावर ताठ उभं राहून डोंगराकडचा हात नुसता बाजूला केला, तरी तो बर्फाला टेकतो. तिथे वेग म्हणजे मरण. म्हणून त्यांनी वळण्याची स्वतःची रीत बसवली. वजन दोन्ही पायांवर, टाचांकडे. स्कीची मागची टोकं जवळपास जागच्या जागी आणि पुढची टोकं मोटारीच्या वायपरसारखी या बाजूची त्या बाजूला. एक वळण पुरतं ताब्यात आलं, की मगच पुढचं.

आपल्या सह्याद्रीत भटकणाऱ्यांना हे पटेल. चढताना दम लागतो, पण खरा कस लागतो तो नाळेतून खाली येताना.

पुढे १९७० मध्ये आल्प्समधल्या आयगर शिखराची पश्चिम बाजू झाली, मग अलास्कातलं डेनाली शिखर. १९७७ मध्ये ते आपल्याकडे आले आणि लडाखमधल्या सुरू नदीच्या खोऱ्यावरचं ७,१३५ मीटर उंचीचं नुन शिखर स्कीवरून उतरले. १९८२ मध्ये काराकोरममधलं हिडन पीक. आठ हजार मीटरच्या वरचं हे शिखर ते आधी चढले, आणि त्या विरळ हवेत, थकल्या पायांनी, माथ्यापासून बेस कॅम्पपर्यंत स्कीवरून आले. साधारण तीन हजार मीटरची ती उतरण! आठ हजारी शिखर असं माथ्यापासून तळापर्यंत त्याआधी कुणीच उतरलं नव्हतं. तेव्हा ते ४५ वर्षांचे होते.

हिमालयाशी त्यांचं नातं नुनवर संपलं नाही. काश्मीरच्या डोंगरांत हेलिकॉप्टरनं स्कीपटूंना माथ्यावर नेऊन सोडण्याचा उपक्रम त्यांनी सुरू केला. गुलमर्गला कधी बर्फ पाहायला गेलात, तर तिथल्या जुन्या स्की-शिक्षकांकडे सोदाँचं नाव जरूर काढा.

नमस्कार.