स्पिटफायरच्या पुढच्या चाकाचे दोन सांधे

(दृश्य: बडोद्याच्या वाडी भागातील एक गॅरेज. पुढे कलंडलेले बॉनेट आणि उघडे पडलेले चाक.)

ट्रायम्फ स्पिटफायर या मोटारीचे बॉनेट मडगार्ड आणि दिव्यांसह आख्खे पुढच्या बाजूस कलंडते. मग इंजिन, चॅसी म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, आणि दोन्ही पुढच्या चाकांची यंत्रणा एकदम डोळ्यांसमोर येते, आणि मेकॅनिकला टायरवर बसून काम करता येते. आज ज्यांनी दुरुस्तीचे काम हाती घेतले आहे ते काका तसेच बसले आहेत. गाडीच्या मालकीण महाविद्यालयात शिकवतात आणि ही गाडी त्यांना वडिलांकडून मिळाली आहे. खड्ड्यातून जाताना पुढून उजवीकडे खट्ट असा आवाज येतो आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सारखे सावरावे लागते, अशी त्यांची तक्रार आहे.

स्पिटफायर १९६२ साली लंडनच्या मोटार प्रदर्शनात लोकांसमोर आली. तिचे देखणे रूप इटालियन आरेखक जोव्हानी मिकेलोत्ती यांनी घडवले, परंतु त्या रूपाखालचे पुष्कळसे सामान १९५९ साली आलेल्या ट्रायम्फ हेरल्ड या घरगुती मोटारीच्या घराण्यातले होते: ११४७ सीसीचे इंजिन, गिअरबॉक्स आणि पुढचे सस्पेन्शन, म्हणजे चाकांना धरून रस्त्याचे धक्के झेलणारी यंत्रणा. आपल्याकडे हेरल्ड अनोळखी नाही. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स या कंपनीने १९६१ पासून ती ‘स्टँडर्ड हेरल्ड’ या नावाने बांधली आणि साठच्या दशकात ती अनेक मराठी डॉक्टरांच्या आणि वकिलांच्या दारात उभी असे. त्यामुळे ज्या मेकॅनिकने तरुणपणी हेरल्डची चाके खोलली, त्याला स्पिटफायरच्या चाकामागे काय आहे हे कोणी शिकवावे लागत नाही. याच सस्पेन्शनचे भाग इंग्लंडमध्ये लोटस एलानसारख्या नामांकित स्पोर्ट्स कारलाही वापरले गेले. स्वस्त गाडीसाठी केलेली रचना शर्यतीच्या जगात इतकी मान्य व्हावी, हे तिच्या कर्त्यांच्या हुशारीचे प्रमाणपत्रच आहे.

(दृश्य: चाक काढलेले, वर-खाली दोन विशबोन, मध्ये उभी लिंक, स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर.)

रचना अशी आहे. चॅसीपासून बाहेर आलेले दोन त्रिकोणी हात, म्हणजे विशबोन, एकावर एक बसवलेले आहेत; वरचा आखूड आणि खालचा लांब. त्यांच्या बाहेरच्या टोकांमध्ये एक उभी लिंक धरलेली आहे आणि त्या लिंकला चाक, ब्रेकची डिस्क आणि तिला चिमट्यासारखा पकडणारा कॅलिपर जोडलेले आहेत. लिंक वरच्या हाताला बॉल जॉइंटने जोडलेली असते. पोलादी गोळा वाटीसारख्या घरात बसतो, त्याची निमुळती पिन लिंकच्या भोकात घट्ट रुतते, आणि त्यामुळे चाकाला वळता येते, तसेच खड्ड्याप्रमाणे वर-खालीही होता येते. खालच्या टोकाला मात्र बॉल जॉइंट नाही. तेथे लिंकच्या बुंध्यावर आटे पाडलेले आहेत आणि ते ट्रनियन नावाच्या पितळी तुकड्यात फिरतात. आपण स्टिअरिंग वळवतो तेव्हा लिंक त्या आट्यांत स्क्रूसारखी फिरते.

गाडीचे वजन यांपैकी कोणावर येते, हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढची सगळी दक्षता त्यावर अवलंबून आहे. स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकाच नळीवर बसवलेले असून त्यांचे खालचे टोक खालच्या विशबोनवर टेकलेले आहे. म्हणजे पुढच्या कोपऱ्याचा भार ट्रनियन वाहतो. वरचा बॉल जॉइंट चाकाला उभे धरण्याचे काम करतो. वरचा झिजला तर गाडी आवाज करते, भरकटते, टायर एका कडेने खाते, आणि बऱ्याच आधी मालकाला सावध करते. ट्रनियनमधला बिघाड इतका सौजन्यशील नसतो.

आवाज ऐकून लगेच नवा बॉल जॉइंट मागवणे काकांना पसंत नाही. त्यांनी गाडी जॅकवर घेतली, मागच्या चाकांना ओट लावली आणि चाक वरून व खालून धरून आत-बाहेर हलवून पाहिले. चाक हलले. परंतु ही ढिलाई चाकाच्या बेअरिंगचीही असू शकते. म्हणून मालकिणीला ब्रेकचा पेडल दाबून धरण्यास सांगितले. ब्रेक लागला की डिस्क कॅलिपरला, म्हणजेच लिंकला, घट्ट धरली जाते आणि बेअरिंगचा खेळ नाहीसा होतो. येथे ब्रेक दाबल्यावरही चाक हललेच. मग बॅटरीचा उजेड टाकून पाहिले, तेव्हा वरच्या विशबोनचे टोक आणि लिंकचा माथा एकमेकांपासून स्पष्टपणे सुटून परत येताना दिसले. खालचा सांधा स्थिर होता. निदान पक्के झाले.

बॉल जॉइंटवरच्या रबरी बुटाला बारीक भेगा गेल्या आहेत. ही गाडी वर्षातून मोजके किलोमीटर धावते, पण रबर किलोमीटर मोजत नाही. ऊन, हवेतला ओझोन आणि काळ यांनी ते कडक होऊन तडकते. बडोद्याचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो आणि त्यामागून येणारा पाऊस भेगांतून पाणी व धूळ आत सोडतो. गोळ्यावर गंज चढतो, ग्रीस चिखलासारखे होते, आणि मग गोळा हा कानशीप्रमाणे स्वतःच्याच वाटीला घासू लागतो. विंटेज गाड्या उभ्या राहूनच जास्त खराब होतात, हे मालकांना पटवणे कठीण जाते.

(दृश्य: गाडी घोड्यांवर ठेवलेली, नट सैल करताना जवळून.)

प्रत्यक्ष काम फार मोठे नाही. गाडी चॅसीखाली घोड्यांवर, म्हणजे लोखंडी आधारांवर, टेकवली. केवळ जॅकच्या भरवशावर काकांच्या गॅरेजमध्ये कोणी गाडीखाली हात घालत नाही. स्प्रिंग शॉक ॲब्सॉर्बरवरच अडकलेली असल्यामुळे, चाक लोंबकळत असताना वरचा सांधा सोडला तरी ती उसळून अंगावर येत नाही. पण ही सोय याच रचनेची आहे. ज्या गाड्यांमध्ये सुटी स्प्रिंग खालच्या हातावर दाबून बसवलेली असते, तेथे हात आधी जॅकने आधारल्याशिवाय सांधा सोडणे जिवावर बेतू शकते.

पाने इंची मापाचे लागतात. अर्ध्या इंचाचा पाना म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यावर १३ नंबरचा पाना बसल्यासारखा वाटतो आणि गंजलेल्या नटाचे कोपरे गोल करून मोकळा होतो. हेरल्डच्या काळातले इंची पाने काकांनी तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेले आहेत, आणि ते त्यांच्याखेरीज कोणीही काढत नाही.

वरच्या सांध्याच्या पिनचा नट काही आटे सोडून तसाच ठेवला, कारण निमुळती पिन भोकातून सुटते तेव्हा झटका बसतो आणि नट नसेल तर सगळे अंगावर उडते. नट सैल करूनही पिन जागची हलत नाही. तिची आणि भोकाची निमुळती उतरण एकमेकांत इतकी रुतलेली असते की नटाशिवायही ती धरून राहते. येथे अनेक जण फाट्याची पहार ठोकतात. काका दोन हातोड्या वापरतात. एक जड हातोडी लिंकच्या डोळ्याच्या, म्हणजे पिनच्या भोकाभोवतालच्या भागाच्या, एका बाजूला टेकवून धरायची आणि समोरून दुसरीने नेमका ठोका द्यायचा. डोळा क्षणभर वाकडा होतो, उतरणीची पकड सुटते आणि पिन आवाज करून मोकळी होते. पिनच्या टोकावर हाणणे त्यांना मान्य नाही. जुनी पिन फेकायचीच असली तरी चुकलेला ठोका लिंकवर बसतो, आणि लिंक फेकायची नसते. सुटलेली लिंक बाहेर कलंडू नये आणि ब्रेकच्या रबरी नळीवर ताण येऊ नये म्हणून ती सुतळीने बांधून ठेवली.

मग विशबोनचे दोन बोल्ट काढले आणि जुना सांधा हातात आला. त्याची पिन बोटाने ढकलताच सैलपणे डोलते. नव्याची पिन हलवण्यास जोर लागतो. नवा घेताना काका आधी रबर पाहतात, मग धातू. आज मिळणाऱ्या काही सांध्यांचे रबर एका उन्हाळ्यात फाटते, आणि अहमदाबादच्या गुजरी बाजारात मिळालेला न वापरलेला जुना माल मूळचा असला तरी त्याचेही रबर दशके म्हातारे झालेले असते. नव्या पिनची आणि भोकाची उतरण कोरड्या फडक्याने पुसली. तेथे तेल किंवा ग्रीस लावले जात नाही, कारण पकड घर्षणावर आहे. नायलॉनची कडी असलेले नट नवेच लावले आणि मॅन्युअलमधल्या आकड्यानुसार टॉर्क पान्याने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, आवळले.

(दृश्य: खालचा ट्रनियन, बाजूला ग्रीस गन.)

येथे बहुतेकांचे काम संपते, आणि येथेच काकांनी सर्वाधिक वेळ घेतला. मालकिणीने ग्रीस गन पुढे केली, तेव्हा ते म्हणाले, “मॅडम, खाली ग्रीस नको. तेल हवे.”

“पण काका, निपल तर ग्रीसचेच दिसते.”

“दिसते तसे. गन तीच वापरू, आत मात्र नव्वद नंबरचे गिअर ऑइल भरू.”

कंपनीचे मॅन्युअलही हेच सांगते: ट्रनियनला ईपी ९० दर्जाचे तेल, आणि तेही दर ६००० मैलांनी, म्हणजे सुमारे ९६५० किलोमीटरनी. घट्ट ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोहोचत नाही, कालांतराने वाळते आणि वाट अडवते. मग आत साचलेले पाणी पोलादी लिंकच्या आट्यांवर गंज धरते. आटे जड फिरू लागले की प्रत्येक वळणावर लिंकला पीळ बसतो. गंजाच्या खाचेतून तडा सुरू होतो आणि एके दिवशी बुंधा तुटून चाक मडगार्डखाली कोलमडते. हे बहुधा हळू वेगात, स्टिअरिंग पुरते वळवलेले असताना घडते, आणि त्यात नशिबाचा भाग मोठा आहे.

तेव्हा ट्रनियनही उतरवला. आटे एका बाजूला सुलटे आणि दुसऱ्या बाजूला उलटे असतात, त्यामुळे डावा-उजवा भाग वेगवेगळ्या ताटलीत ठेवला जातो. लिंकचे आटे तारेच्या ब्रशने साफ करून भिंगाखाली पाहिले. पृष्ठभागावर खड्डे किंवा बारीक तडा आढळला असता तर लिंक बदलावीच लागली असती. तसे काही नव्हते. ट्रनियन पूर्ण आत फिरवून जरा मागे घेतला, जेणेकरून चाक दोन्ही बाजूंना पूर्ण वळताना आटे तळाशी टेकणार नाहीत. नंतर वरच्या सीलमधून स्वच्छ तेल झिरपेपर्यंत गन चालवली.

जानेवारी २०२३ मध्ये याच शहरात, लक्ष्मी विलास राजवाड्यावर, जुन्या मोटारींचा मोठा सोहळा भरला होता. अशा ठिकाणी नजर खिळते ती रंगावर, क्रोमवर आणि चामड्याच्या बैठकींवर. लाखो रुपये खर्चून चकचकीत केलेल्या गाडीच्या ट्रनियनमध्ये तेल आहे की नाही, हे मालकालाही ठाऊक नसावे, ही गोष्ट काकांच्या मते लाजिरवाणी आहे, आणि त्यांच्याशी असहमत होणे कठीण आहे.

डाव्या बाजूचा बॉल जॉइंट अजून घट्ट असला, तरी त्याचेही रबर तडकलेले असल्याने तो त्याच कामात बदलला. चाके लावून गाडी जमिनीवर उतरवली, थोडी पुढे-मागे ढकलून सस्पेन्शन बसू दिले आणि मगच चाकांची दिशा मोजली. कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, खालच्या विशबोनच्या चॅसीकडील पत्र्यांवरून ठरतो आणि ते पत्रे हलवलेले नव्हते. तरीही जुन्या ढिलाईवर केलेले अलाइनमेंट आता विश्वासार्ह राहिलेले नाही, म्हणून स्टिअरिंगला चाकांशी जोडणारे टाय रॉड नव्याने जुळवले. काही दिवस चालवल्यानंतर सर्व नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासायचे आहेत, आणि पावसाळा लागण्यापूर्वी ट्रनियनला तेल द्यायचे आहे, मग गाडी ६००० मैल चालली असो वा नसो.