कालवं की कालवा?

अध्यक्ष महोदय, वाचनालयाची कार्यकारिणी आणि पंखा चालत नसतानाही आलेले तुम्ही सगळे.

पत्रिकेवर विषय छापलाय, 'पर्यावरणीय न्यायासाठीचे शासकीय प्रयत्न आणि लोकसहभाग'. मी कार्यवाहांना फोनवर एवढंच म्हटलं होतं की जनसुनावणीबद्दल बोलेन, म्हणजे प्रकल्पाला पर्यावरणीय मंजुरी देण्याआधी लोकांचं म्हणणं ऐकतात त्या सभेबद्दल. त्यांनी त्याला कोट-टाय चढवला. असो. आता छापलंय म्हटल्यावर चार गोष्टी सांगायच्या कबूल करतो. कायदा काय म्हणतो, कोर्ट काय म्हणालं, ग्रामसभेनं काय करून दाखवलं, आणि आपण काय करायचं. पंचेचाळीस मिनिटं आहेत. पण त्याआधी एक गोष्ट सांगतो. माझे विद्यार्थी इथे असतील, त्यांना माहीत आहे की 'एक गोष्ट सांगतो' म्हटलं की तासाची घंटा होईपर्यंत धडा सुरू होत नसे.

काही वर्षांपूर्वी आमच्या खाडीकाठच्या एका गावात सुनावणी होती. गावाचं नाव सांगत नाही, प्रकल्पाचंही नाही. माणसं अजून तिथेच राहतात, मला तिथे जेवायला जायचं असतं. शाळेच्या पटांगणात मंडप घातलेला. लाल खुर्च्या, पुढे सोफा, स्टेजवर पाण्याच्या बाटल्या. सकाळी अकराची वेळ, साहेब आले साडेबाराला. मग कंपनीच्या माणसानं पडद्यावर तासभर चित्रं दाखवली. त्यात झाडं फार होती. अख्ख्या तालुक्यात नसतील एवढी झाडं त्या एका आराखड्यात होती!

दुपारी लोक बोलायला लागले. सरपंच बोलले, मच्छीमार सोसायटीचे चेअरमन बोलले, मुंबईहून खास आलेले दोन चाकरमानी बोलले, आणि ते थांबेनात. चार वाजून गेल्यावर एक मावशी उठल्या. त्यांचा मुलगा माझ्याकडे दहावीला होता. माईक कसा धरतात माहीत नव्हतं, त्यांनी तो पेल्यासारखा धरला आणि म्हणाल्या, "सायब, माझी सासू सुकतीला जायची नि टोपलीभर कालवां आणायची. मी जाते तर वाटीभर गावत नाय. नि जी गावतात त्यांना घासलेटाचा वास येतो. आता ह्यो नवा कारखाना आला तर माझ्या सुनेनं काय करायचा?" आणि बसल्या. सुकती म्हणजे ओहोटी, आणि कालवं म्हणजे खाडीतले खायचे शिंपले.

दिवसभरात तिथे जे काही बोललं गेलं, त्यात मला हे सगळ्यात मोलाचं वाटलं. का, ते सांगतो. त्यात माप आहे. सासूच्या काळी टोपली, आज वाटी. त्यात काळ आहे, तीन पिढ्यांचा. पाण्यात काय मिसळतंय त्याची खूण आहे, वासाची. प्रकल्पाच्या पर्यावरणावरच्या परिणामांचा अहवाल तयार करणारे एका हंगामात येऊन नमुने घेऊन जातात, आणि ही बाई तीस वर्षं दर सुकतीला कातळावर बसून कोयतीनं कालवं काढतेय. तुम्हीच सांगा, अभ्यास कोणाचा मोठा?

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी ग्रामपंचायतीत त्या सुनावणीचं इतिवृत्त लागलं. मावशींनी मला गाठलं. "सर, माझा नाव लिवलानी काय?" म्हणून मी चष्मा लावून फलकासमोर उभा राहिलो. नाव नव्हतं. पण मुद्दा होता. मुद्दा क्रमांक काहीतरी, मी तो वहीत उतरवून घेतलाय, वाचतो. "एका महिलेने कालव्याच्या पाण्यास येणाऱ्या वासाबाबत शंका उपस्थित केली." आणि पुढच्या रकान्यात कंपनीचं उत्तर, "प्रकल्प परिसरात पाटबंधारे विभागाचा कोणताही कालवा नाही. शंकेचे निरसन करण्यात आले."

(हशा)

हसा. मीही हसलो होतो. मग मावशींकडे बघितलं आणि हसू गिळलं. त्यांना काय सांगू? की तुमची कालवं वाहून गेली आणि त्यांच्या जागी कालवा आला?

आता लिहून घेणाऱ्याचा राग करू नका. तो बिचारा घाटावरचा असणार. निरा डाव्या कालव्याच्या काठी वाढलेल्या माणसाला कालवा म्हणजे जीव की प्राण. कातळाला चिकटलेलं, लिंबू पिळून खायचं कालव त्यानं कधी बघितलंच नसेल. त्यानं ऐकलं ते लिहिलं. टिंब तेवढं राहिलं. आमच्या बोलीत 'कालवां' म्हणताना जो नाकातला सूर निघतो, तो सरकारी कागदावर उमटत नाही. मी तेहतीस वर्षं पोरांच्या वह्यांत अनुस्वारावरून लाल रेघा मारल्या. पालक म्हणायचे, सर, एका टिंबानं काय होतं? घ्या. हे होतं.

पण टिंबापेक्षा मला जास्त लागलं ते दुसरंच. 'शंका'. अहो, त्या बाईला शंका कुठे होती? शंका आपल्याला असते. तिला माहिती होती. ती द्यायला ती उभी राहिली होती. माहितीचं 'निरसन' होत नाही, ती तपासावी लागते. कोणीतरी सुकतीच्या वेळी खाडीत उतरून बघावं लागतं. पण एकदा तिला शंका म्हटलं की काम सोपं. लिहिणाऱ्यानं शंका लिहिली की उत्तर देणाऱ्यानं निरसन करायचं, जोडी ठरलेली आहे, वरण-भातासारखी.

आणि 'करण्यात आले'! हा माझा जुना वैरी. 'निरसन करण्यात आले.' कोणी केलं? कधी केलं? कर्ता कुठाय? व्याकरणात याला कुठल्या प्रयोगात बसवायचं यावरून आमच्या स्टाफरूममध्ये दोन तट होते, चहा थंड व्हायचा. पण सरकारी मराठीत त्याचा उपयोग एकच. ज्यानं केलं त्याला पडद्याआड पाठवायचं. नदीत 'पाणी सोडण्यात आले'. झाडं 'तोडण्यात आली'. लोकांना 'विश्वासात घेण्यात आले'. या शेवटच्याला तर कर्ता नाहीच, कारण तो कधी आलाच नव्हता.

बरं, अध्यक्ष घड्याळाकडे बघतायत. माझ्या लक्षात आलंय.

तर कायदा. आपल्याकडे पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा. त्याखाली पर्यावरणीय मंजुरीची अधिसूचना १९९४ मध्ये आली. १९९७ च्या एप्रिलमध्ये दुरुस्ती होऊन जनसुनावणी सक्तीची झाली, आणि आज जी चालते ती १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे. तिचं परिशिष्ट चार प्रत्येकानं वाचावं. मी काही कायद्याचा माणूस नाही, पण भाषा वाचता येते. सुनावणी भरवायची राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळानं. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी. तीस दिवस आधी वर्तमानपत्रांत नोटीस. सगळ्या कामकाजाचं चित्रीकरण. गणपूर्तीची अट नाही, म्हणजे चार माणसं आली तरी सुनावणी झाली. आणि मतदान नाही! आमच्या गावात निम्मे लोक समजत होते की हात वर करून प्रकल्प पाडायचा आहे. तिथे फक्त म्हणणं नोंदवतात. म्हणजे त्या दिवसभराच्या गदारोळातून पुढे काय जातं, तर कागद. मंजुरी देणारी समिती मुंबईत नाहीतर दिल्लीत बसते, तिला तुमचा घसा दिसत नाही. तिला इतिवृत्त दिसतं.

आणि आता ऐका, कारण यासाठीच मी आलोय. त्याच परिशिष्टात लिहिलंय की सुनावणी संपताना हे इतिवृत्त उपस्थितांना वाचून दाखवायचं. स्थानिक भाषेत समजावून सांगायचं. आणि सगळ्यांना मान्य झालेल्या इतिवृत्तावर त्याच दिवशी अध्यक्षांनी सही करायची. त्याच दिवशी! मंडपात!

म्हणजे त्या संध्याकाळी तो कागद मोठ्यानं वाचला गेलाच असेल. 'कालव्याच्या पाण्यास' हे शब्द माईकवर आले असतील. मावशी समोर असत्या तर जागेवरून ओरडल्या असत्या, "ओ सायब, कालवा नाय, कालवां!" एका सेकंदाचं काम.

मावशी नव्हत्या. कोणीच नव्हतं. आमच्या गावाची शेवटची एस.टी. साडेपाचला. पाच वाजता लोक उठायला लागले. काहीजण आधीच नाश्त्याच्या पाकिटांमागे गेले होते, त्यांचीही चूक नाही, सकाळपासून उपाशी होते. सहानंतर कधीतरी मंडपवाल्याची पोरं खुर्च्या एकात एक घालत होती, आणि त्या खुर्च्यांना इतिवृत्त वाचून दाखवलं गेलं. त्यांनी ते मान्य केलं.

तुम्ही विचाराल, सर, तुम्ही कुठे होता? मी त्याच एस.टी.त होतो. खिडकीची जागा मिळाली म्हणून खूश होतो. परिशिष्ट चार मी नंतर वाचलं.

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे.' बरं.

मग कोर्ट भराभर सांगतो. दक्षिण गोव्यातल्या एका खाणीच्या प्रकरणात 'उत्कर्ष मंडळ' या संस्थेच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयानं २००९ मध्ये निकाल दिला. सुनावणीत लोकांनी घेतलेल्या हरकतींचा तज्ज्ञ समितीनं विचार केला पाहिजे आणि त्या फेटाळल्या तर कारणं दिली पाहिजेत. आता जोडून बघा. समितीनं कालव्याच्या हरकतीला कारण दिलंच असतं, की कालवा नाही. म्हणजे चुकीचा कागद गेला तर हा एवढा चांगला निकालही आपल्या उपयोगाचा नाही. दुसरं, २०२० मध्ये टाळेबंदीच्या दिवसांत नव्या अधिसूचनेचा मसुदा आला. त्यात नोटिशीचे तीस दिवस वीसवर आणले होते, आणि मसुदा होता इंग्रजी-हिंदीत. दिल्ली उच्च न्यायालयानं त्या जूनमध्ये सांगितलं, राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या बावीस भाषांत आणा आणि लोकांना ऑगस्टपर्यंत मुदत द्या. भाषा हा कोर्टालाही न्यायाचा मुद्दा वाटला, ही मला आयुष्यातल्या दोन-तीन आनंदाच्या बातम्यांतली एक.

ग्रामसभा. ओडिशात नियमगिरीचा डोंगर. सर्वोच्च न्यायालयानं १८ एप्रिल २०१३ ला तिथल्या खाणीचा निर्णय ग्रामसभांवर सोपवला. बारा गावांत त्या पावसाळ्यात सभा झाल्या, बाराच्या बारांनी बॉक्साइटच्या खाणीला नाही म्हटलं. त्यातलं सगळ्यांना 'नाही' आठवतं. मला आठवतो तो जिल्हा न्यायाधीश दर्जाचा निरीक्षक, जो प्रत्येक सभेला कोर्टाच्या सांगण्यावरून बसला होता. काय बोललं गेलं ते नंतर कोणाला बदलता येणार नव्हतं. आणि आपल्या गडचिरोलीतलं मेंढा-लेखा. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळालेलं गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा आपण भिंतींवर रंगवतो. पण त्या गावात अभ्यासगट बसायचे, विषय समजून घ्यायचे, आणि निर्णय बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं व्हायचा, हे कोणी रंगवत नाही. भिंतीवर मावत नसेल. मेंढ्यावर खरं तर एक अख्खं व्याख्यान...

हो, हो. पाच मिनिटं.

तर आपण काय करायचं. कंपनीचा अहवाल इंग्रजीत असतो, त्याचा मराठी सारांश मिळतो. मिळतो म्हणजे, 'परिवेशी वायू गुणवत्ता', 'शमन उपाययोजना', 'सागरी परिसंस्थेवरील परिणाम नगण्य' असा मिळतो. 'परिवेशी' म्हणजे काय, हात वर करा. बघा, मुख्याध्यापकांचाही नाही. नगण्य म्हणजे मोजण्यालायक नाही, आणि आमच्या मावशी तर वाट्या मोजून बसल्यायत! तो सारांश सुनावणीच्या आधी ग्रामसभेत मोठ्यानं वाचा, आणि ज्या वाक्याला लोक 'म्हणजे काय' म्हणतील त्याच्यापुढे तसंच लिहून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाठवा, लेखी हरकतही चालते. पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. सुनावणीच्या दिवशी गावानं आपला एक लिहिणारा बसवावा. कॉलेजातली पोरगी चालेल, किंबहुना तीच बरी, तिला बोलीही कळते आणि शुद्धलेखनही येतं. भाषणाची तयारी करणारे गावात छप्पन्न असतात, लिहिणारा एक नसतो. मंजूर औद्योगिक वसाहतींच्या आतल्या प्रकल्पांना अटींसह सुनावणीतूनच सूट आहे, त्याचं काय, हा प्रश्न कोणीतरी विचारणार. रास्त आहे, पण त्याला आज वेळ नाही.

आणि एस.टी. ती चुकू दे. नाहीतर आधीच टेम्पो सांगून ठेवा, भजनाला जाताना सांगता तसा. नाश्त्याचं पाकीट घ्या, पण खुर्चीवर बसून खा. वाचन सुरू झालं की ज्याचं म्हणणं आलं त्यानं उभं राहून सांगायचं, हो, मी असंच बोलले, किंवा नाही, असं नव्हतं. सही त्यानंतर.

झालं माझं. पण खाली बसण्याआधी एक विनंती. आपल्या वाचनालयाचे कार्यवाह कोपऱ्यात बसून टिपण घेतायत. कार्यवाह, आज मी काय बोललो ते वाचून दाखवा पाहू. लाजू नका. काय लिहिलंय? 'वक्त्यांनी लोकसहभागाचे महत्त्व विशद केले. कोकणातील कालव्यांची उदाहरणे दिली.'

अहो, कालवांची. व ला जोडलेला य खोडा, वरचं टिंब राहू द्या. हं, खोडा, मी थांबतो.