सात मात्रांची तालीम

ज्या मित्राबरोबर मी पंचवीस वर्षे एकाच बँकेत काम केले, तो क्लॅरिनेट वाजवतो हे मला गेल्या पावसाळ्यात कळले. काही कागद द्यायला मी त्याच्या घरी गेलो, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "वर गच्चीवरच्या खोलीत आहेत, तालीम चाललीय." जिन्यात ऐकू येणारे सूर ना मैफलीतले होते, ना वरातीतले; पण कठड्यावर माझ्या बोटांनी ताल धरला होता आणि तो सात मात्रांचा भरत होता.

आत पाच जण होते. तबल्यावर रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक, गिटारवर संगणक क्षेत्रातली एक तरुणी, शिवाय हार्मोनियम, कहोन (बसून वाजवायचे लाकडी खोक्यासारखे तालवाद्य) आणि माझा मित्र. लहानपणी त्याच्या घराशेजारी लग्नाचा बँड वाजवणारे एक कुटुंब राहत असे, त्यांच्याकडे तो हे वाद्य शिकला. रीड, म्हणजे वाद्याच्या तोंडाशी बसवायची पातळ पट्टी, ओठांत धरून ती ओली होईपर्यंत तो शांत बसून राहतो. ती शांतता मी कचेरीत त्याच्या चेहऱ्यावर कधी पाहिली नव्हती.

ते वाजवत होते ती एक ग्रीक लोकनृत्याची चाल होती. कलामातियानोस या नृत्याच्या ठेक्यात सात मात्रांची विभागणी तीन-दोन-दोन अशी असते, आणि आपल्या रूपक तालाचीही तीच. ग्रीसच्या एपिरस भागात क्लॅरिनेट हे लोकसंगीताचे प्रमुख वाद्य आहे, त्यामुळे वाद्यही जुळले होते आणि तालही. तरीही तालीम अडत होती, आणि ती का अडत होती हेच मला तुम्हाला सांगायचे आहे. कलामातियानोसमध्ये पहिल्या मात्रेवर वजन असते. रूपकात मात्र 'तीं तीं ना' म्हणताना समेवरच, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, 'खाली' ही डग्ग्याविना वाजणारी जागा येते; डग्ग्याची घुमक चौथ्या मात्रेला 'धीं' बरोबर उमटते. कहोन पहिल्या मात्रेवर जोराने पडे, तिथेच तबला मोकळा असे, आणि ऐकणाऱ्याला सम सापडत नसे. शेवटी तबल्यावरच्या गुरुजींनी सुचवले की पहिली चार आवर्तने कहोनची, मग कहोनने थांबावे आणि तबल्याने वजन चौथ्या मात्रेवर न्यावे. चाल तीच राहिली, पण तिची चालण्याची ढब पालटली.

त्यानंतर त्यांनी एक ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीतप्रकारातली चीज, घेतला. धानी रागाचे सा, कोमल ग, म, प आणि कोमल नी हेच पाच स्वर त्यात होते. फरक असा की ब्लूजमधला गंधार, म्हणजे ग, कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी डोलतो. क्लॅरिनेटवाला तो ओठांच्या दाबाने काढतो, गिटारवाली तार ओढून. हार्मोनियमला ती सोयच नाही. असल्याच उणिवांमुळे आकाशवाणीने 1940 साली तिच्यावर बंदी घातली होती आणि ती 1971 पर्यंत टिकली. इथे मात्र पेटीवाल्या बाई त्या जागी पट्टीवरून बोट उचलून घेत आणि षड्ज, म्हणजे सा, तेवढा धरून ठेवत. इतकी समजूत मी अनेक सराईत वादकांतही पाहिलेली नाही.

"पुन्हा रूपक घेऊ," गुरुजी म्हणाले, "आणि डग्गा चौथ्यालाच हं." मी कागद खिडकीत ठेवले आणि भिंतीला टेकून खाली बसलो.